बोटीवरची झड

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफी. रिलीज होतं, दुसरं काय! आज लोणावळ्याला आई-अण्णांकडे आलोय. गुरुवारपासून झड लागलीय, लाईट सकाळपासून दोनदा गेले, आणि खिडकीतून दिसतंय ते एवढंच, की भुशी डॅमकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलीय आणि ती तासभर तसूभरही हललेली नाही. त्या गाड्यांकडे बघताना २०२४ च्या ऑक्टोबरातला बोटीवरचा एक दिवस आठवला. त्याबद्दल लिहायचं म्हणून केव्हापासून डोक्यात होतं.

आधी थोडं अण्णांबद्दल. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. समुद्र बघायचा तर अख्खा घाट उतरून जावं लागतं. तरी आपल्या नौदलाची इंजिनं सांभाळणारी पोरं १९४५ पासून इथेच, या डोंगरावर तयार होतात, आय.एन.एस. शिवाजीत. ज्या गेटसमोरून पर्यटक हॉर्न वाजवत जातात, त्याच गेटमधून अण्णा १९७९ पासून चौतीस वर्षं सायकलवरून आत गेले. फिटर म्हणून. शिकाऊ नौसैनिकांसाठी ठेवलेली डिझेल इंजिनं खोलायची, जोडायची, पुन्हा खोलायची. बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकून कुठल्या सिलिंडरमध्ये गडबड आहे ते सांगणारा हा माणूस आयुष्यात एकदाच समुद्रात गेला होता. गेटवेहून घारापुरीला, लाँचने, आमची सहल घेऊन.

आईचं नेमकं उलटं. तिचं माहेर रेवसजवळचं. समुद्र पाहतच वाढली, पण त्या घरात बोट म्हटलं की ‘रामदास’. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. लाट आली, भेदरलेली माणसं एका अंगाला धावली आणि बोट कलंडली असं सांगतात. आई तेव्हा जन्मलीही नव्हती. पण गोष्ट तिने आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय की स्वतः पाहिल्यासारखी सांगते.

अशा दोघांना घेऊन तेरा रात्रींच्या क्रूझला जायची कल्पना माझी आणि ताईची. ताई इंग्लंडात रेडिंगला असते, तिथून साउथॅम्प्टन बंदर जवळ. साउथॅम्प्टनहून निघायचं, मदेरा, मग कॅनरी बेटं, आणि परत. (व्हिसाच्या फायलींची जाडी हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. ब्रिटनचा वेगळा, युरोपचा वेगळा, आणि दोन्हीकडे अण्णांच्या पेन्शनची कागदपत्रं.) सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मी अर्थातच एक्सेल शीट बनवली होती. दिवस, वेळ, कुठला कार्यक्रम, कुठल्या मजल्यावर, कोण कोण येणार. आईच्या गुडघ्यांसाठी वेगळा कॉलम होता. हसू नका.

दुसऱ्या दिवशी बोट बिस्केच्या उपसागरात शिरली. फ्रान्सचा पश्चिम किनारा आणि स्पेनचा उत्तर किनारा यांच्या कोपऱ्यातलं हे पाणी खलाशांमध्ये पूर्वीपासून बदनाम आहे. कारण सरळ आहे. अटलांटिकवरून हजारो किलोमीटर मोकळ्या येणाऱ्या लाटा, आणि समुद्राचा तळ चार-साडेचार हजार मीटरवरून एकदम दीड-दोनशे मीटरवर चढतो. खोल पाण्यात लांब लांब आलेली लाट तिथे आखडते आणि उभी राहते. आदल्या रात्री कप्तानाने सांगितलंच होतं, उद्या बोफर्ट नऊचा वारा असेल. म्हणजे ताशी ७५ ते ८८ किलोमीटर. जेवून परत येताना पाहिलं तर जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या लटकवलेल्या. आईला वाटलं प्रसाद ठेवलाय! कशाच्या पिशव्या ते ताईने सांगितल्यावर ती गप्प झाली.

सकाळी उठलो ते कपाटातले हँगर खुळखुळ वाजत होते म्हणून. पोहण्याचा तलाव रिकामा करून वर जाळी टाकलेली, बाहेरचे डेक बंद, संध्याकाळचा नाच रद्द. मी लगेच शीट उघडली आणि दिवसाचं रीप्लॅनिंग सुरू केलं. दहाला प्रश्नमंजुषा, साडेअकराला सिनेमा, मग बिंगो. आणि मधल्या वेळात ऑफिसचा एक रिव्ह्यू उरकून टाकू म्हणून, आतल्या बाजूच्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये बसून, लॅपटॉप उघडला.

बोट लागण्याचं शास्त्र मला नंतर कळलं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय, आणि डोळे सांगत असतात की समोरचा स्क्रीन तर जागच्या जागी आहे. दोन सेन्सर, दोन वेगळी रीडिंग, आणि मेंदू त्याचा राग पोटावर काढतो. बिनखिडकीच्या खोलीत बारीक अक्षरं वाचणं म्हणजे हा बग मुद्दाम रीप्रोड्यूस करण्यासारखं होतं. अकरा मिनिटांत मी बाथरूममध्ये. गोळी होती, पण ती आधी घ्यायची असते. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहायला तर हवी!

आमच्या केबिनचा मुलगा देवगडकडचा होता. आमचं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी खुलला होता. तो चादरी बदलायला आला आणि माझी अवस्था बघून अण्णांना म्हणाला, “काकानू, हय बसा नकात. पाचव्या मजल्यार मदल्या जिन्याकडे मोठी खिडकी आसा, थंय जावन बसा. थंय कमी हलता.” वर बजावलं की चालताना एक हात कायम कठड्यावर हवा, दोन्ही हातांत काही घ्यायचं नाही. मग सुकी बिस्किटं आणि चार हिरवी सफरचंदं आणून दिली.

झालं, शीट गेली बोंबलत. आम्ही चौघं पाचव्या मजल्यावर, बोटीच्या बरोबर मध्यावर, खिडकीशी जाऊन बसलो आणि संध्याकाळी सहापर्यंत तिथून हललो नाही.

(मध्यावर का? सी-सॉ आठवा. टोकावर बसलेलं पोर उंच जातं, दांड्याच्या मध्यावर बसलेलं जवळजवळ जागेवर असतं. आणि खिडकी का, तर क्षितिज दिसलं की डोळे आणि कान यांचं भांडण बरंचसं मिटतं. एवढी साधी गोष्ट. पण महाग केबिनी वरच्या मजल्यांवर आणि बाल्कनीवाल्या! म्हणजे जिथे हलणं सगळ्यात जास्त तिथेच सगळ्यात जास्त पैसे.)

बाहेर पाणी राखाडी-पांढरं. लाट खिडकीच्या उंचीपर्यंत यायची, मग बोट तिच्यावर चढायची आणि समोर नुसतं आभाळ. पुन्हा खाली, की नुसतं पाणी. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. थोड्या वेळाने म्हणाली, “अहो, रामदाससारखं नाही ना व्हायचं?”

मी काहीतरी ‘छे गं, काहीतरीच काय’ छाप बोलणार होतो. अण्णांनी घड्याळ काढलं. “हे बघ,” म्हणाले, “आता डावीकडे झुकली. मोज. परत डावीकडे येईपर्यंत किती होतात ते बघ.” सोळा सेकंद. पुन्हा मोजलं, सतरा. पुन्हा सोळा. “दर वेळी तेवढेच ना? ती पडत नाहीये, डोलतेय. जड बुडाची ती बाहुली असते बघ, ढकलली तरी उभी राहणारी? खाली इंजिनं आहेत, तेलाच्या टाक्या आहेत, सगळं जड ते तळाला. आकडा फार वाढायला लागला तर मला सांग.” मग पाण्याखालचे पंख समजावले. बोटीच्या दोन्ही अंगांना माशाच्या परांसारखे पंख बाहेर काढलेले असतात, ते आडवं डोलणं कमी करतात. पुढे-मागे आपटणं मात्र त्यांना थांबवता येत नाही, म्हणून पोटात खड्डा पडतो तो पडणारच. मग शिवाजीत डोंगरावर असलेलं ते खोटं जहाज. सिम्युलेटरच तो. तो मुद्दाम हलवतात, मुद्दाम पाणी सोडतात, आणि पोरांना कमरेएवढ्या पाण्यात लाकडाच्या पाचरा ठोकून भोकं बुजवायला लावतात. आत कप्पे कप्पे असतात, एक भरला तरी दुसरा कोरडा राहतो. “रामदासला यातलं काय होतं?” आईने विचारलं. अण्णा म्हणाले, “ती बोट लहान होती, माणसं भारंभार भरलेली होती, आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.”

आई मोजत राहिली. दुपारपर्यंत तिला इतकी सवय झाली की बोलता बोलता मध्येच “सतरा” म्हणायची आणि पुढचं वाक्य सुरू करायची.

बाराला कप्तान स्पीकरवर आला. वारा किती, लाटा साधारण किती उंच, वेग का कमी केलाय, दिशा थोडी का बदललीय, आणि रात्री नऊच्या सुमाराला कमी होईल असा अंदाज आहे. दोन मिनिटं, कुठलाही विनोद नाही. माझ्या मते त्या दिवशी बोटीवरच्या सगळ्या करमणुकीत हीच दोन मिनिटं सगळ्यात कामाची होती. आमच्या धंद्यात हे वारंवार पाहिलंय. सर्व्हर बंद पडला म्हणून गिऱ्हाईक जेवढं चिडत नाही, तेवढं ‘आम्ही बघतोय’ एवढंच सांगून गप्प बसलेल्या कंपनीवर चिडतं. त्यानंतर लगेच करमणूकवाली बाई स्पीकरवर आली आणि किंचाळत्या उत्साहात म्हणाली, चला, वादळ विसरू या, बिंगो खेळू या! अहो, खिडकीबाहेर पंधरा फुटी लाट आहे, ती विसरायची कशी?

माझा मुद्दा इथेच आहे. असा दिवस विसरायचा, घालवायचा, ‘सार्थकी लावायचा’ असा जो आपला हट्ट असतो, तोच माणसाला जास्त त्रास देतो. मला दिला. त्या दिवशी कमी त्रास झाला तो दिवसाबरोबर बसून राहिलेल्यांना. आणि हे बसून राहणं आई-अण्णांना येत होतं, मला येत नव्हतं. कारण त्यांनी मावळातली झड काढलीय.

झड म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगायला हवं. इथे वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा असा सलग, चार-चार, आठ-आठ दिवस. उघडीप नाही, सूर्य नाही. माझ्या लहानपणी आवणी (भाताची लावणी) झाली की इरली भिंतीला टेकवायची आणि माणसं पडवीत बसायची. कुणी दोरी वळतंय, कुणी पाभरीचा दांडा नीट करतंय, चुलीत काहीतरी भाजायला टाकलेलं. आजोबा दर तासाला उठून ओढ्याचं पाणी कुठल्या दगडापर्यंत आलंय ते बघून यायचे आणि सांगायचे. बस्स. काम म्हणावं तर काम नाही, पण रिकामंही कुणी नाही. थोडं थोडं खायचं, एकमेकांच्या जवळ राहायचं, आणि पाण्यावर नजर ठेवायची. बिस्केमध्ये आम्ही दुसरं काय केलं? ओढ्यातल्या दगडाच्या जागी सोळा-सतरा सेकंद, आणि चुलीतल्या कणसाच्या जागी शेंगदाण्याची चिक्की. (अण्णांनी लोणावळ्याहून तीन किलो नेली होती. मी विमानतळावर त्यावरून कटकट केली होती. ती मी मागे घेतो.)

बरं, हे फक्त अडाणी मावळ्यांचं शहाणपण आहे असंही समजू नका. चार्ल्स डार्विन बीगल जहाजावर डिसेंबर १८३१ मध्ये निघाला तो याच बिस्केत आडवा झाला. जग बदलणारा माणूस, आणि त्याने त्या दिवसांत काय केलं? पडून राहिला आणि बिस्किटं नि बेदाणे खाल्ले. त्याची ही बोट लागण्याची पीडा पाच वर्षांत कधी पूर्ण गेली नाही. ब्रिटिशांचा एवढा मोठा दर्यासारंग नेल्सन, त्यालाही बोट लागायची. तेव्हा माझी लाज थोडी कमी झाली.

आता कुणी म्हणेल, उलट्या होणाऱ्याला सांगा हे तत्त्वज्ञान. मान्य. आणि वादळ म्हणजे काही गंमत नव्हे. आम्ही गेलो त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, याच बिस्केत एका ब्रिटिश प्रवासी जहाजावर सुमारे शंभर प्रवासी जखमी झाले होते. म्हणून तर म्हणतो की बसायचं, कठडा धरायचा आणि सांगितलेलं ऐकायचं. आमच्या मजल्यावरचे दोन उत्साही गृहस्थ फोनवर व्हिडिओ काढायला बंद डेकचं दार ढकलत होते, त्यांना कर्मचाऱ्यांनी अक्षरशः ओढून आत घेतलं. मला तेव्हा भुशी आठवला. त्याच वर्षी ३० जूनला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते, त्यात लहान मुलं होती. त्या कुटुंबाला मी नावं ठेवत नाही. पाणी एकदम वाढलं, आणि ते कसं वाढतं हे पुण्याहून एका दिवसासाठी आलेल्याला कुठून माहीत असणार? पण पाऊस म्हटला की घराबाहेर पडून त्याचं काहीतरी ‘करायलाच’ हवं, ही सवय आपण सगळ्यांनी मिळून लावून घेतलीय, आणि आमच्या गावाने ती विकायला मांडलीय.

दिवस इथे संपला नाही. चारच्या सुमाराला अण्णांचं बोलणं कमी झालं. मग बंदच झालं. कपाळावर घाम. पुढच्या मिनिटाला आमचे मरीन इंजिनचे तज्ज्ञ जिन्यावरच्या त्या कागदी पिशवीत. एकदा, दोनदा, तीनदा. मी घाबरलो. वय चौऱ्याहत्तर, आणि औषध घ्यायला तयार नाहीत. आई मात्र शांत. जिने सकाळी माझा हात मोडायचा बाकी ठेवला होता, तिने पदर खोचला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आलेपाकाची वडी त्यांच्या तोंडात धरली आणि म्हणाली, “डोळे मिटा. मी मोजते.” आणि खरंच मोठ्याने मोजायला लागली. समोरचं म्हातारं इंग्रज जोडपं बघत राहिलं. मराठीतले एक ते सतरा त्यांना त्या संध्याकाळी पाठ झाले असणार.

तासाभराने अण्णा उठून बसले. बाहेर बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो. इंजिन बंद पडलं तर घाबरायचं नाही, डोकं शांत ठेवून लाईन तपासायची, फिल्टर बघायचा. पोरं ‘हो सर’ म्हणायची. हे असं असतं होय रे. असल्यात ती खाली उतरून पाना धरत असतील.” थोडं थांबून म्हणाले, “एक नाशिकचा होता. पहिल्या बोटीवरून मला पत्र पाठवलं होतं, उलट्या थांबत नाहीत म्हणून. मी उत्तर दिलं होतं की कामात लक्ष घाल.”

मला काय बोलावं सुचलं नाही. ताईलाही. अण्णा आपल्या कामाबद्दल आमच्याशी असं कधी बोलले नव्हते, आणि आम्ही तरी कुठे विचारलं होतं? मी इंजिनिअर झाल्यापासून त्यांच्या फिटर असण्याचा विषय घरात निघत नसे. का निघत नसे ते मला माहीत आहे, आणि ते मला शोभणारं नाही. शीटप्रमाणे गेलो असतो तर त्या वेळी आम्ही सिनेमा बघत असतो.

रात्री नऊ नव्हे, साडेदहाला वारा उतरला. सकाळी समुद्र निळा, तलावात पाणी, आणि स्पीकरवर पुन्हा बिंगो. देवगडचा मुलगा आला, अण्णांना विचारलं, “काकानू, बरा वाटता मां?” अण्णांनी त्याला बसवून घेतलं, चिक्की दिली, आणि बोटीवरची त्याची पहिली तीन महिन्यांची सगळी हकिगत विचारून घेतली. त्याला पुढच्या केबिनी करायच्या होत्या, पण उठू देईनात.

परतीला बिस्के अगदी शांत होती. आईला पुन्हा पाचव्या मजल्यावर, खिडकीपाशी बसायचं होतं. गेलो. अण्णांनी घड्याळ काढलं, थोडा वेळ वाट पाहिली, आणि परत खिशात ठेवलं. आज इथे लोणावळ्यात ते पडवीत बसलेत. त्या नाशिकच्या पोराचा फोन नंबर जुन्या सहकाऱ्यांकडून मिळवायचा खटाटोप दोन महिने चाललाय. अजून मिळालेला नाही.